मायटर सॉ : खोटा गुण्या, उघडा कोपरा आणि उडणारा तुकडा

वाचक विचारतात

मायटर सॉ म्हणजे लाकूड हव्या त्या कोनात कापणारं, गोल पात्याचं मशीन. त्याबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांची तक्रार एकाच वळणाची आहे: मशीनच्या अंशांच्या पट्टीवर ४५ दिसतात, लाकडाच्या जोडात मात्र फट राहते. म्हणून पहिलं उत्तर लांबलचक आहे आणि पुढची बरीचशी त्याच्यावर टेकलेली आहेत. खाली सांगितलेली कुठलीही तपासणी करण्याआधी प्लग सॉकेटमधून काढायचा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. डोकं (मोटर आणि पातं असलेला वरचा भाग) खाली-वर करायला मूठ धरावीच लागते आणि ट्रिगर त्या मुठीतच असतो. बॅटरीवरचं मशीन असेल तर बॅटरी काढून बाजूला ठेवायची.

प्रश्न : मी फोटो आणि तसबिरींच्या फ्रेम करतो. मशीन १० इंची आहे. हँडल ४५ च्या खाचेत खटकन बसतं, तरी तीन कोपरे बंद होतात आणि चौथा उघडा राहतो. मशीनमध्ये दोष आहे का? (कोल्हापूर)

आधी फटीचा आकार बघा. फट एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला उघडी, पाचरीसारखी असेल तर कोन चुकतोय. फट सगळीकडे सारख्या रुंदीची असेल किंवा जोडात पायरी पडत असेल तर कोन ठीक आहे, समोरासमोरच्या दोन पट्ट्यांची लांबी सारखी नाही. त्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून उभ्या करा आणि टोकावरून नख फिरवा. अर्ध्या मिलिमीटरचा फरकसुद्धा नखाला लागतो आणि चौथ्या कोपऱ्यात दिसतो. त्यावर उपाय स्टॉपरचा, म्हणजे पट्टीचं टोक ठरल्या मापावर अडवणाऱ्या ठोकळ्याचा आहे: स्टॉपर एकदा पक्का करून जोडीच्या दोन्ही पट्ट्या लागोपाठ कापायच्या, दर वेळी टेपने मोजायचं नाही.

फट पाचरीसारखी असेल तर ती कुठे उघडते ते बघा. आतल्या, काचेकडच्या बाजूला फट म्हणजे टोकं हवीत त्यापेक्षा अणकुचीदार निघाली, पातं ४५ च्या पुढे वळलेलं आहे. बाहेरच्या टोकाशी फट म्हणजे ४५ पर्यंत पोचलेलंच नाही.

आता थोडा हिशेब. सपाट पट्टी असेल तर बरेच कारागीर हँडल एकाच बाजूला ठेवतात आणि पट्टी पालथी करून दोन्ही टोकं कापतात. अशा वेळी चूक दर कटाला त्याच दिशेने साठत जाते. पाव अंशाची चूक आणि आठ कट, म्हणजे शेवटच्या कोपऱ्यात २ अंश. ६० मिमी रुंद पट्टीचा तिरका जोड ८५ मिमी भरतो. त्यावर २ अंश म्हणजे जवळजवळ ३ मिमीची फट. तीन कोपरे दाबून बसवले की सगळी चूक चौथ्यात गोळा होते.

नक्षीची पट्टी मात्र पालथी करता येत नाही. तिचं एक टोक डावीकडच्या ४५ वर आणि दुसरं उजवीकडच्या ४५ वर कापावं लागतं. इथे फेन्स (लाकूड टेकवायची मागची उभी भिंत) किंचित तिरकी असली तर एका बाजूला ४५.२५ निघतात आणि दुसऱ्या बाजूला ४४.७५. कोपऱ्यात एक डावा कट आणि एक उजवा कट भेटतात, त्यामुळे बेरीज ९०च होते आणि जोड बसतो. दोन्ही बाजू वापरूनही पाचर येत असेल तर फेन्स काटकोनात आणायच्या मागे लागू नका. तिथे कारण बहुधा तीनपैकी एक असतं: फेन्सचे डावे-उजवे भाग एका रेषेत नाहीत, कापताना पट्टी सरकते, किंवा पट्टीच वाकलेली आहे. पट्टी सरकते का ते ओळखणं सोपं आहे. एक तुकडा क्लॅम्पने आवळून कापा आणि एक रोजच्यासारखा हाताने धरून. दोन कोन वेगळे आले तर दोष हातात आहे. फेन्सच्या तोंडावर ८० किंवा १२० नंबरचा पॉलिश पेपर दोन्ही भागांवर सारखा चिकटवला की पट्टी पळायची थांबते.

मशीन तपासायचंच असेल तर हा क्रम ठेवा. क्रम चुकला की आधीचं केलेलं पुढच्या पायरीला बिघडतं.

पहिला नंबर गुण्याचा, म्हणजे काटकोन तपासायच्या साधनाचा. बाजारातला नवा गुण्यासुद्धा खोटा असू शकतो. एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) कारखान्यात कापलेल्या सरळ कडेला गुण्या टेकवा, सुरीने बारीक रेघ मारा, मग गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. दोन रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. २०० मिमी अंतरावर त्या १ मिमी फाकल्या असतील तर गुण्या अर्धा मिलिमीटर, म्हणजे साधारण ०.१४ अंश चुकतोय. असा गुण्या चौकटी ठोकायला चालेल, मशीन लावायला चालणार नाही.

दुसरी सफाई. फिरत्या तबकडीखालच्या खाचांत भुसा आणि राळ जमते. खाचेत अर्धा मिलिमीटर भुसा दाबून बसला की हँडल आवाज करून बसतं, पण पूर्ण आत जात नाही. जुना टूथब्रश आणि थोडं रॉकेल पुरतं. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

तिसरी फेन्सची रेष. ६० सेंटिमीटरची लोखंडी पट्टी उभ्या कडेवर दोन्ही भागांना टेकवा आणि मागून उजेड बघा. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिमी जाडीचा असतो. तो पट्टी आणि फेन्सच्या मधून कुठे सरकतोय का ते पाहा. एक भाग मागे असेल तर त्याच्या बोल्टपाशी कागदाचं किंवा ॲल्युमिनियम फॉइलचं पॅकिंग द्या. ओतीव फेन्स हातोडीने सरळ करायला जाऊ नका, ती वाकत नाही, तडकते.

चौथा शून्याचा काटकोन. हँडल ० च्या खाचेत, डोकं खाली दाबून ते तिथेच धरणारी पिन लावलेली. गुण्याची एक बाजू फेन्सला आणि दुसरी पात्याच्या पत्र्याला लावायची, दोन दातांच्या मधल्या जागेत. दात पत्र्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे ०.४ मिमी बाहेर असतात. गुण्या एखाद्या दातावर टेकला तर ८० मिमी लांबीत पाव अंशाहून जास्त चूक दिसते आणि माणूस चांगलं लागलेलं मशीन बिघडवून ठेवतो.

दुरुस्ती कुठे करायची हे मशीनच्या घडणीवर आहे. मकिताच्या एलएस १०४० सारख्या मशीनमध्ये फेन्सचे बोल्ट ॲलन कीने सैल करून फेन्सच हलवतात आणि बोल्ट उजवीकडून एकामागून एक आवळत जातात. डिवॉल्टच्या डीडब्ल्यू ७१५ सारख्या मशीनमध्ये फेन्सला हात लावत नाहीत. अंशांची पट्टी धरणारे तीन स्क्रू सैल करून पट्टी आणि हँडल मिळून डावी-उजवीकडे सरकवतात. त्या वेळी काटा कुठला आकडा दाखवतो ते बघायचं नाही. काटा सगळ्यात शेवटी शून्यावर आणायचा. तुमच्या मशीनची तऱ्हा कुठली ते माहितीपुस्तिकेत आकृतीसह दिलेलं असतं. दोन्ही ठिकाणचे स्क्रू एकदम सैल केले तर धरायला खूण उरत नाही, एवढं मात्र टाळा.

पाचवी खरी परीक्षा लाकडावर. साधारण १२० मिमी रुंद, दोन्ही कडा समांतर असलेली फळी घ्या आणि ० वर मधोमध कापा. (ही परीक्षा चालू मशीनवरची, तेव्हा गार्ड, चष्मा, क्लॅम्प सगळं जागेवर.) दोनपैकी एक तुकडा पालथा करा, दोन्ही तुकडे एका सरळ पट्टीला टेकवून कापलेल्या कडा एकमेकींना भिडवा. आता फट खऱ्या चुकीच्या दुप्पट दिसते. टोकाशी ०.४ मिमी फट असेल तर चूक ०.२ मिमी, १२० मिमीत साधारण ०.१ अंश. फ्रेमच्या कामाला याहून बारीक हवं, फर्निचरच्या पट्ट्यांना एवढं चालतं. गुण्या आणि हा कट यांचं पटलं नाही तर कटाचं खरं माना.

० लागल्यावर ४५ आपोआप लागायला हवेत, कारण सगळ्या खाचा एकाच पत्र्यात किंवा एकाच ओतीव बैठकीत असतात आणि वेगवेगळ्या हलत नाहीत. शून्य बरोबर आणि ४५ चुकीचे असं दिसलं तर पुन्हा भुसा आणि फेन्सची रेष बघा. तरीही एखाद्या बाजूला पाव अंश कमी-जास्त राहिला तर खाचेशी झगडू नका. हँडल ४५ जवळ आणून खाचेत न बसवता अडकवायला गेलात तर खाच त्याला ओढून घेते. त्यापेक्षा फेन्स आणि पट्टीच्या मध्ये एका टोकाला पॅकिंग द्या: १०० मिमी अंतरावर ०.३५ मिमी जाडी म्हणजे ०.२ अंश. पॅकिंगचे तुकडे मास्किंग टेपने फेन्सलाच चिकटवून ठेवले की दर फ्रेमला शोधावे लागत नाहीत.

प्रश्न : स्कर्टिंगचे (भिंतीच्या तळाशी लावायच्या पट्टीचे) कोपरे खाली बसतात, वर उघडे राहतात. ओळंबा लावून पाहिला, भिंत सरळ आहे. (ठाणे)

मग पातं बैठकीशी काटकोनात उभं नाही. आडव्या पट्टीत ही चूक लपते, कारण तिची जाडी १२-१८ मिमीच असते. तीच पट्टी फेन्सला उभी लावली की ७५ किंवा १०० मिमी उंचीवर चूक वाढत जाते. अर्धा अंश असेल तर १०० मिमीवर ०.९ मिमी, आणि कोपऱ्यात दोन पट्ट्या भेटतात म्हणून त्याच्या दुप्पट.

डोकं खाली करून पिन लावा, गुण्या बैठकीवर उभा करून पात्याला लावा, पुन्हा दातांच्या मधे. बेव्हलचा, म्हणजे डोकं कलतं करण्याचा, लॉक सैल करा. मागच्या बाजूला, डोकं कलतं करण्याच्या सांध्यापाशी दोन थांबे असतात: एक ० ला डोकं अडवणारा बोल्ट आणि एक ४५ ला. आधी चेक नट (बोल्टला जागेवर घट्ट धरणारा) सैल करायचा, मग बोल्ट पाव-पाव फेरा फिरवायचा, डोकं त्यावर टेकवून पुन्हा गुण्या लावायचा. चेक नट आवळताना बोल्ट सोबत फिरतो, म्हणून बोल्ट ॲलन कीने धरून नट पान्याने आवळा. सगळ्यात जास्त चुकतं ते यापुढे: लॉक आवळल्यावर डोकं किंचित हलतं, त्यामुळे शेवटची तपासणी लॉक आवळलेल्या अवस्थेतच करायची. मग ८०-९० मिमी रुंदीची पट्टी उभी लावून कापा, एक तुकडा वरचा खाली करून भिडवा. फट पुन्हा दुप्पट दिसेल.

पातं सरळ असूनही फट राहिली तर फेन्सच बैठकीशी काटकोनात आहे का ते पाहा. फेन्सच्या खाली जमलेला भुसा तिला मागे कलवतो.

४५ चा बेव्हल लावताना फेन्सचा वरचा सरकता भाग बाहेर ओढायला विसरू नका. प्लग काढलेला असतानाच डोकं एकदा पूर्ण खाली आणून पातं आणि गार्ड कशालाही घासत नाहीत ना ते बघा. चालू पातं ॲल्युमिनियमच्या फेन्समध्ये शिरलं तर फेन्स आणि पातं दोन्ही जातात, आणि दाताचा तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही.

स्कर्टिंगचा विषय निघालाच आहे म्हणून: जुन्या इमारतींत कोपरे ९० चे क्वचितच सापडतात. कोपरा ९२ अंशांचा निघाला की अनेक जण निम्मे करून मशीन ४६ वर लावतात आणि फट दुप्पट करून घेतात. मायटर सॉचा आकडा सरळ कटापासून, म्हणजे शून्यापासून मोजलेला असतो. कोपऱ्याचे निम्मे ९० मधून वजा करायचे: ९० उणे ४६, मशीन ४४ वर. कोपरा ८८ चा असेल तर ४६ वर.

प्रश्न : लेझरची रेघ आणि प्रत्यक्ष काप यात २ मिमीचा फरक पडतो. (नाशिक)

लेझर सगळ्यात शेवटी लावायची वस्तू आहे. फेन्स, बेव्हल, पातं यातलं काहीही हललं की ती चुकते. आधीचं सगळं झाल्यावर एका टाकाऊ फळीत अर्ध्या जाडीपर्यंत चीर पाडा, फळी क्लॅम्पमधून न काढता प्लग काढा, मग लेझरचे स्क्रू फिरवून रेघ चिरेच्या एका कडेवर आणा. लेझर मेन्सवर चालत असेल तर या एका कामाला प्लग लावावाच लागेल. तेव्हा हात पात्याकडे नाही, स्क्रूकडे, आणि ट्रिगरचं कुलूप लावलेलं. रेघ चिरेच्या डाव्या कडेवर की उजव्या, हे मशीनवर मार्करने लिहून ठेवा. पात्याची जाडी बदलली की रेघ पुन्हा लावावी लागते. मापाच्या कामात पेन्सिलच्या खुणेवर दात टेकवून बघणं लेझरपेक्षा खात्रीचं.

प्रश्न : छोटे तुकडे कापताना ते जोरात उडतात. एकदा तुकडा गार्डवर आपटला. पातं बोथट झालं असेल का? (सांगली)

बोथट पातं वाईटच, पण तुकडा उडण्याची कारणं बहुधा दुसरी असतात आणि ती धोक्याची आहेत.

पहिलं कारण स्टॉपर. मापाचा तुकडा स्टॉपर आणि पातं यांच्यात असतो, हात लांब पट्टीवर. कट पूर्ण झाला की मधल्या तुकड्याला कोणीच धरलेलं नसतं. तो किंचित तिरका झाला की स्टॉपर आणि पात्यात अडकतो आणि पातं त्याला भिरकावतं. यावर जुनी युक्ती आहे: स्टॉपरला सुटा ठोकळा लावून माप घ्यायचं, पट्टी क्लॅम्प करायची, ठोकळा काढून टाकायचा, मग कापायचं. तुकड्याला मागे सरकायला जागा राहते.

दुसरं कारण डोकं लवकर वर उचलणं. कट झाला की ट्रिगर सोडा, डोकं खालीच धरा, पातं पूर्ण थांबू द्या, मगच वर. फिरत्या पात्याचे मागचे दात वर येताना सुट्या तुकड्याला उचलतात. ब्रेक असलेलं मशीन एक-दोन सेकंदांत थांबतं, बिनब्रेकचं पातं बराच वेळ फिरत राहतं. तेवढी सवय लावावी लागते.

तिसरं बैठकीतली रुंद चीर. काळ्या प्लॅस्टिकचा मधला पट्टा झिजून रुंद झाला की बारीक तुकडा त्यात पडतो आणि पात्याला भिडतो. नवा पट्टा टाका, किंवा बैठकीवर ६ मिमी प्लाय आणि फेन्सला दुसरी पट्टी लावून त्यात एकदा चीर पाडून घ्या. चीर पात्याएवढीच राहते, तुकड्याला खालून टेकू मिळतो, कडही फुटत नाही. कोन बदलला की नवी प्लाय लागते. हे काम कंटाळवाणं आहे, पण नक्षीच्या पट्टीला याला पर्याय नाही.

बोटं पात्यापासून १५० मिमीच्या आत नेऊ नका. तुकडा त्यापेक्षा लहान हवा असेल तर लांब पट्टीचं टोक कापा, किंवा तुकडा क्लॅम्पने धरा. डावा हात उजवीकडे नेऊन, हातांची कैची करून पट्टी धरणं सरळ बंद. वाकलेली पट्टी असेल तर फुगीर बाजू फेन्सकडे करा, म्हणजे कापाच्या जागी ती फेन्सला घट्ट लागते. उलट ठेवली तर कट संपताना दोन तुकडे आत मिटतात आणि पातं चेपतात. आणि खालचा सरकता गार्ड तारेने बांधून ठेवलेला असेल तर आजच तार काढा. ‘दिसत नाही’ म्हणून बांधणाऱ्यांना एकच सांगणं: गार्डवरची राळ पुसा, दिसायला लागतं.

प्रश्न : पातं बदलायचं आहे, बोल्ट सुटत नाही. पाना घसरतो. (चिपळूण)

तुम्ही बहुधा तो आवळताय. बहुतेक मायटर सॉमध्ये पात्याच्या बोल्टला उलटे आटे असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. पातं फिरताना बोल्ट आपोआप सुटू नये म्हणून ही योजना आहे. शाफ्टचा लॉक दाबून ठेवा, बोल्टवर घट्ट बसणारी ॲलन की किंवा पाना घ्या, हाताचा एकच ठाम झटका द्या. लाकडाचा ठोकळा पात्यात घालून अडवू नका, दात निखळतात.

नवं पातं घेताना तीन गोष्टी. मधलं भोक: १० इंची पाती २५.४ आणि ३० मिमी अशा वेगवेगळ्या भोकांची मिळतात. शाफ्टपेक्षा मोठ्या भोकाचं पातं कडी न लावता बसवलं तर ते मध्यावर येत नाही आणि थरथरतं. पात्यावर छापलेली कमाल फेऱ्यांची संख्या मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवी. आणि दातांचा कल: मायटर सॉला किंचित मागे झुकलेले, म्हणजे ऋण ५ अंशांच्या आसपासचे दात चांगले. टेबल सॉचं पुढे झुकलेल्या दातांचं पातं लावलं तर ते लाकूड आत ओढतं आणि डोकं हातातून खेचलं जातं. साध्या कामाला १० इंचीत ६० दात, फ्रेम आणि लॅमिनेटला ८० किंवा अधिक.

पात्यावरचा बाण आणि गार्डवरचा बाण एकाच दिशेने हवेत; तुमच्याकडच्या बाजूचे दात खालच्या दिशेने बघत असतात. दोन्ही वॉशर पुसून बसवा. वॉशरच्या खाली भुशाचा एक कण राहिला तरी पातं टोकाशी डुलतं, काप रुंद आणि खरबरीत येतो. पातं बदलल्यावर शून्याचा काटकोन एकदा बघून घ्या.

प्रश्न : सरकतं मायटर सॉ घेतलं आहे. २५० मिमीची फळी कापली की अलीकडची आणि पलीकडची कड जुळत नाही. (पुणे)

सरकत्या मशीनमध्ये पातं फेन्सशी काटकोनात असणं पुरेसं नाही, पात्याची चालसुद्धा काटकोनात हवी. प्लग काढा, एका दातावर मार्करने खूण करा. गुण्या फेन्सला टेकवून तो दात गुण्याला पुढच्या टोकाशी जेमतेम लावा. डोकं सरकवत मागे न्या आणि पातं हाताने फिरवून तोच दात पुन्हा गुण्याजवळ आणा. पुढे लागतो आणि मागे फट, म्हणजे चाल तिरकी आहे. तोच दात वापरायचा, कारण पातं जरासं डुलत असेल तरी त्याचा परिणाम मग हिशेबात येत नाही. चाल बरोबर आणि पातं तिरकं असेल तर मागचे दात कापलेली कड पुन्हा खरवडतात: काप पात्यापेक्षा रुंद येतो आणि एका तुकड्यावर गोल ओरखडे दिसतात. ही दुरुस्ती काही मशीनमध्ये करता येते, काहींत सर्व्हिस सेंटरच करतं.

रॉडला ढिलाई आहे का ते डोकं पूर्ण पुढे ओढून डावी-उजवीकडे हलवून कळतं. रॉड कोरड्या फडक्याने पुसा. ग्रीस लावू नका, त्यात भुसा चिकटून पॉलिश पेपरसारखं काम करतो.

आणि कापण्याची पद्धत बघा. डोकं आधी स्वतःकडे ओढायचं, मशीन चालू करून फेऱ्या पूर्ण होऊ द्यायच्या, खाली आणायचं, मग फेन्सकडे ढकलत कापायचं. स्वतःकडे ओढत कापू नका. खालचे दात तुमच्यापासून दूर, फेन्सकडे फिरत असतात. ओढत कापलं तर ते लाकडात रुततात, पातं लाकडावर चढतं आणि डोकं अंगावर धावून येतं.

प्रश्न : याच मशीनवर खिडक्यांचे ॲल्युमिनियम सेक्शन आणि लोखंडी पाइप कापता येतील का? (छत्रपती संभाजीनगर)

ॲल्युमिनियम, हो, माहितीपुस्तिकेत परवानगी असेल तर. पातं त्यासाठीचंच हवं: एक दात सपाट आणि एक कडा मारलेला, असे आलटून-पालटून दात, मागे झुकलेले, १० इंचीत ८० ते १००. पोकळ सेक्शनच्या आत बसेल असा लाकडी ठोकळा घाला, नाहीतर क्लॅम्पखाली तो चेपतो. हाताने धरून कापायचं नाहीच, धातूत दात अडकला की सेक्शन फिरतो. दातांना थोडं मेण लावलं तर कीस चिकटत नाही. भुशाची पिशवी आधी रिकामी करा, गरम कीस भुशात जाऊ देऊ नका.

लोखंड, नाही. त्यासाठी घासून कापणारी चकती मायटर सॉवर लावणं सर्रास दिसतं, पण या मशीनचा गार्ड चकती फुटल्यावर तुकडे अडवायला बनवलेला नसतो. ठिणग्या थेट भुशाच्या वाटेने जातात, आणि पिशवीतला भुसा तासाभराने, दुकान बंद केल्यावरही धुमसू शकतो. त्या कामाला १४ इंची चॉप सॉ वेगळा ठेवा. त्याचा वेग कमी असतो, मिनिटाला साधारण ३,८०० फेरे, आणि गार्ड चकतीसाठी बनवलेला असतो.

प्रश्न : साइटवर मशीन ताकद देत नाही, जाड लाकडात अडकतं. दुकानात व्यवस्थित चालतं. दर वेळी कोनही पुन्हा लावावे लागतात. (पनवेल)

ताकदीचा प्रश्न वायरचा आहे. १,६५० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर सुमारे ७ अँपिअर घेतं, म्हणजे ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर ते लावायचंच नाही, १६ चं सॉकेट शोधा. ३० मीटर लांब आणि ०.७५ चौरस मिमीची वायर असेल तर चालू मशीनवर १० व्होल्टच्या आसपास वायरमध्येच पडतात, आणि सुरू होताना करंट कित्येक पट असतो तेव्हा त्याहून बरेच. २.५ चौरस मिमीच्या वायरीत हीच घट सुमारे ३ व्होल्टवर येते. २० मीटरपर्यंत १.५ चौरस मिमी चालते. वायर रीळावर गुंडाळलेली ठेवून मशीन चालवू नका, आतले वेटोळे तापतात. चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या मशीनला दुहेरी आवरण असतं, त्याला अर्थिंगची तिसरी पिन नसते. तरी पावसाळ्यात साइटवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) मध्ये असावा. वायर बदलूनही मशीन मंद वाटलं आणि मोटरपाशी ठिणग्या दिसल्या तर मोटरचे कार्बन (ब्रश) बघा. खुणेपर्यंत झिजले असतील तर दोन्ही एकदम बदला.

कोन बिघडतात ते नेण्या-आणण्यात. मशीन हँडलला किंवा फेन्सला धरून उचलू नका. डोकं खाली करून पिन लावा, तबकडीचा लॉक आवळा आणि त्यासाठी दिलेल्या पकडीतून उचला. टेम्पोत ते सपाट ठेवा, वर सिमेंटची गोणी नको. साइटवर पोचल्यावर मशीन चारही पायांवर टेकलं आहे का ते बघा. तीन पायांवर डुलणारी बैठक बोल्टने आवळली की पिळवटते आणि दुकानात लावलेला शून्य तिथे शून्य राहत नाही. ज्या पायाखाली जागा असेल तिथे आधी पॅकिंग, मग बोल्ट, मग टाकाऊ फळीवर तो पालथ्या तुकड्याचा एक कट. पाच मिनिटं लागतात.